शिऱ्याची बरणी आणि दोन रिव्हॉल्व्हर

टक्.

मी जागच्या जागी थिजले. अर्धा तास रडून जाई नुकतीच माझ्या खांद्यावर निवली होती. फ्रीजची घरघरसुद्धा थांबली होती. आणि नेमका तेव्हाच छतातून तो आवाज आला, बोटाचं हाड लाकडावर आपटावं तसा कोरडा. थोड्या वेळाने पुन्हा. टक्.

जाईने एक डोळा उघडला.

"सारंग," मी कुजबुजले, "वरचे ठोकतायत."

"घड्याळ असेल."

"हे घड्याळ ही रडायला लागली की चालू होतं आणि ही झोपली की थोड्या वेळाने बंद पडतं?"

"जर्मन घड्याळ आहे," सारंग म्हणाला, आणि पोलंडला न्यायच्या बॅगेत मोज्यांची जोडी कोंबली.

वरचे म्हणजे आमचे घरमालक, हेर रॉयटर. इकडे पुरुषाला हेर म्हणतात, म्हणजे श्रीयुत, आणि बाईला फ्राउ. दक्षिण जर्मनीतल्या लिंडेनबाख नावाच्या गावात सारंगला पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि या गावात भाड्याचं घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड होतं. हे मिळालं ते एका वर्षाच्या बोलीवर. तेव्हा जाई पोटात होती. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं होतं, पण काही बोलले नव्हते. आता ती सात महिन्यांची होती, वर्ष महिनाअखेरीला संपत होतं, आणि शेजारच्या बेकरीतल्या बाईने मला मोठ्या आपुलकीने कळवलं होतं की रॉयटरांच्या खालच्या मजल्यावर एका जोडप्याचा डोळा आहे. मूल नाही. मांजर आहे, तेही म्हातारं.

"तू जाऊन विचार," सारंग म्हणाला. "मी परवा निघतोय. बाळ घेऊन गेलीस की माणूस विरघळतो."

"ज्या बाळाची तक्रार आहे तेच घेऊन जाऊ?"

"म्हणजे समोरासमोर होईल."

दुसऱ्या दिवशी मी ताटलीत रव्याचे लाडू, कडेवर जाई आणि डोक्यात पाठ केलेली जर्मनची चार वाक्यं घेऊन वर गेले. दार उघडलं. ताटलीसारखा पांढरा स्वच्छ चेहरा, कोपरावर कातड्याचे तुकडे लावलेला स्वेटर. त्यांच्या मागे जेवणाचं टेबल, टेबलावर हिरवं कापड, आणि कापडावर शेजारीशेजारी दोन लांब नळीची रिव्हॉल्व्हर.

माझी चारही वाक्यं गेली. मी जाईला घेऊन दाराच्या चौकटीआड झाले.

"रिकामी आहेत," ते म्हणाले. "बरं झालं आलात, फ्राउ टोंबारे. डावीकडचं जरा धरून बघा."

"मी लाडू आणलेत."

"रिव्हॉल्व्हर उजव्या हातात धरा."

ठोंबरेंचं टोंबारे झालेलं मला सवयीचं होतं. रिव्हॉल्व्हर धरणं सवयीचं नव्हतं. मी लाडू ठेवले, जाईला डाव्या कडेवर घेतलं आणि नळी भिंतीकडे ठेवून ते उचललं. वरवंट्याइतकं जड होतं. मग दुसरं. ते आणखी जड. हेर रॉयटर माझ्या मनगटाकडे असे बघत होते, जसे डॉक्टर एक्स-रेकडे बघतात.

"कुठलं?"

"कशासाठी?"

मग मला बसवून, जाईच्या हातात लाकडी चमचा देऊन, त्यांनी समजावलं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत अशी रिव्हॉल्व्हर वापरत. ही त्यांच्या हुबेहूब नव्या प्रती, पण खेळण्यातल्या नव्हेत. ज्यांना पंचवीस मीटरवरच्या कागदाच्या काळ्या ठिपक्यात गोळी घालायची असते त्यांच्यासाठी, घड्याळजीच्या हाताने बनवलेल्या. ठासणीची. यात काडतूस नसतं. प्रत्येक कप्प्यात स्वतः दारू ओतायची, गोळी दाबून बसवायची, वरून चरबी लावायची, मागे तांब्याची टोपी चढवायची.

"हे इटलीतलं. पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. आणि हे इथलं, जर्मन. आमच्या क्लबातल्या एगलेचं. त्याची नजर गेली, त्याला विकायचंय. महिनाभर वापरून बघ म्हणाला. एकच ठेवायचं. दोन असली की माणूस दोघांशीही प्रामाणिक राहत नाही."

"मग चांगलं कुठलं?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेला नसावा.

"नव्याच्या नळीत बघा. आरसा आहे. फिरता भाग इतका घट्ट बसवलाय की मध्ये केस जाणार नाही. चाप असा की मनात आणलं की सुटतो. पण मूठ, मूठ दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची आहे. जुन्याची मूठ माझी आहे. पण त्याचा चाप म्हणजे सकाळी उठणारा मुलगा. आधी कुरकुर, मग उठतो."

"ज्याने नेम लागतो ते ठेवा."

"मंगळवारी याने लागतो. गुरुवारी त्याने."

मला मिरजेची आमची सुलूमावशी आठवली. दुकानात दोन साड्या मांडीवर घेऊन बसायची, एकीचा काठ चांगला, दुसरीचं पोत, आणि दुकानदार दिवे मालवायला लागला की म्हणायची, उद्या येते. पण मावशीच्या साडीवर कुणाचं घर अडलेलं नसायचं. मी धीर केला.

"हेर रॉयटर, घराचं काय ठरलं? महिना संपत आला."

"एका वेळी एकच निर्णय," ते म्हणाले. "आधी रिव्हॉल्व्हर. मग घर. तरुण असताना मी एकाच दिवशी मोटार घेतली आणि न्हाणीघराच्या फरश्या. दोन्ही चुकलं. मोटार गेली. फरश्या तुमच्या न्हाणीघरात आहेत."

त्या फरश्या मी रोज बघत होते. माणसाने एका वेळी एकच निर्णय घ्यावा, हे मला पटलं.

"पुढच्या रविवारी शेवटची चाचणी," ते म्हणाले. "एकच दारू, एकच शिसं, एकच हात, एकच रवा."

"रवा?"

"रवा. नेमबाजीला दारू थोडीच लागते. कप्पा मोठा. मग गोळी आत खोल जाऊन बसते आणि नेम बिघडतो. म्हणून दारूवर रवा भरायचा, त्यावर गोळी. जाडाबारीक नको, सगळीकडून सारखा."

मी हसले. आठवड्याभरात पहिल्यांदाच. "रवा आमच्या घरात कायम असतो. हे लाडू रव्याचेच."

त्यांनी लाडवाकडे नव्या आदराने पाहिलं. निघताना मी उरलेलं एक वाक्य गोळा केलं. "मुलगी रडते. माफ करा."

"हो," ते म्हणाले. "ऐकू येतं. तीन वाजता विशेष."

एवढंच. मी जिना उतरले ती मांजरवाल्यांना किल्ली देऊन टाकल्यासारखी.

सारंग कारखान्याच्या कामाने पोलंडला गेला आणि मी माझ्या कामाला लागले. दुपारी अडीच वाजले की जाईला बाबागाडीत घालायची आणि गावाबाहेर काढायची. मक्याची शेतं, बंद पडलेली गिरणी, पुन्हा मक्याची शेतं. तिला जे काही रडायचं ते मक्यासमोर रडू दे. चार वाजता परत. संध्याकाळी ती जरा कुरकुरली की मी न्हाणीघरात नेऊन नळ सोडत होते. त्या फरश्या बघून तीही गप्प व्हायची. छतातून येणारी टकटक थांबली. मला वाटलं, जिंकले.

गुरुवारी जिन्यात हेर रॉयटर भेटले. चेहरा उतरलेला.

"मुलगी बरी आहे ना? आवाज येत नाही."

"आता अजिबात रडत नाही," मी अभिमानाने म्हणाले.

"असं," ते म्हणाले, आणि कठडा धरून हळूहळू वर गेले.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. हेर रॉयटर, हातात कुलूप लावलेली पेटी, डोक्यावर हिरवी टोपी.

"फ्राउ टोंबारे, रवा संपला. आज रविवार आहे."

रविवारी जर्मनीत दुकान उघडं नसतं. तुम्हाला रवा हवा असो की प्राण जात असो, सोमवारी या. आणि आज चाचणी. चाचणी झाली की निर्णय, निर्णय झाला की घर. मी धावत आत गेले. फडताळातून रव्याची बरणी काढली, पुसली, दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली.

"रंग जरा पिवळसर आहे."

"भाजलेला आहे. आमच्याकडे रवा भाजून ठेवतात. किडे होत नाहीत."

"म्हणजे ओलही नसणार." त्यांचे डोळे चमकले. "हे आम्हाला कधी सुचलं नाही."

ते गेले. मी इतकी खूश होते की स्वतःसाठी शिरा करायचं ठरवलं. बाळंतपणाला आलेली आई परत जाताना मला तयार करून देऊन गेली होती: रवा तुपात भाजून, पिठीसाखर आणि वेलदोडे घालून. नुसतं गरम दूध ओतायचं, ढवळायचं, झाकण ठेवायचं. मी वाटीत काढला, दूध ओतलं, पाच मिनिटं जाईशी गप्पा मारल्या आणि पहिला घास घेतला.

गोडाचा पत्ता नाही. तुपाचा नाही. वेलदोड्याचा नाही.

मी फडताळाकडे पाहिलं. तिथे एकच बरणी होती. आईने दोन्ही रवे कॉफीच्या एकसारख्या बरण्यांत भरले होते.

मी फोन लावला.

"आई, त्या दोन बरण्यांत काय काय होतं?"

"एकीत साधा भाजलेला, एकीत शिऱ्याचा. का गं, वास लागला?"

"नाही. शिऱ्याचा घरमालकांना दिला."

"चांगलं केलंस. एकटा माणूस. दूध घालायचं ते सांगितलंस ना?"

"आई, ते खाणार नाहीयेत. ते बंदुकीत घालणार आहेत."

मिरजेत टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"सारंगराव कुठायत?" आईने सावकाश विचारलं.

"पोलंडला."

"तुझी झोप होते का, बाळा?"

"आई, मी शुद्धीवर आहे. त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर आहेत, त्यात दारूवर रवा भरतात, आणि त्यातलं एक दुसऱ्याचं आहे, महागडं, आणि त्यात आता साखर आणि तूप..."

"होतं असं बाळंतिणीला. तू जरा पड. जाईला शेजारी घे. मी रात्री सारंगरावांशी बोलते."

मी फोन ठेवला आणि बाबागाडी काढली.

रविवारी सकाळी लिंडेनबाखमध्ये कुणी पळत नाही. चर्चमधून बाहेर पडणारी माणसं मला बघून रस्त्याच्या कडेला झाली. बेकरीवाल्या बाईने हात केला, तो तसाच हवेत राहिला. जाईला मात्र वेग आवडला. ती दगडागोट्यांवरून उडत, खिदळत चालली होती. मी मनात वाक्य जुळवत होते. बरणीत साखर आहे. बरणीमध्ये साखर असते. जर्मनमध्ये साखर पुरुष की बाई, ते काही आठवेना.

नेमबाजीचा क्लब गावाबाहेर, झाडीच्या कडेला. बैठकीची खोली, तिच्या एका भिंतीला जाड काच, काचेपलीकडे नेमबाजांची रांग. दारात फ्राउ मुंडिंगर उभ्या होत्या, रुंद खांद्याच्या, गळ्यात कानावरचं संरक्षण अडकवलेलं. मैदानावर देखरेख त्यांची. त्या हो म्हणाल्याशिवाय तिथे कुणी शिंकतसुद्धा नाही.

"मूल आत. काचेच्या अलीकडे," त्या म्हणाल्या.

"बरणीत साखर," मी धापा टाकत म्हणाले.

"कॉफीला? साखर टेबलावर आहे."

"नाही. हेर रॉयटर. रवा. माझा रवा. आत साखर. तूप. मसाला."

त्यांनी काचेतून पाहिलं. हेर रॉयटर पाठमोरे उभे होते, हात सरळ पुढे. शेजारच्या फळीवर माझी बरणी, झाकण उघडं.

"किती साखर?"

"शिऱ्याला लागते तेवढी."

त्यांनी हे मनातल्या मनात तोललं. "फुटणार नाही," त्या म्हणाल्या. "चिकटेल. पण फेरी चालू आहे. गोळीबार थांबल्याचा तांबडा दिवा लागेपर्यंत मीही आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावणार नाही. बसा."

मी बसले नाही. काचेला नाक लावून उभी राहिले. धडाम. पांढऱ्या धुराचा लोट आला आणि हेर रॉयटर त्यात नाहीसे झाले. दाराच्या फटीतून वास आला. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या कढईखाली कुणी फटाक्यांची माळ लावली तर येईल, तसा वास. जळकी साखर, तूप, गंधक आणि या सगळ्यावर वेलदोडा.

रांगेतल्या पलीकडच्या माणसाने नेम सोडून नाक वर केलं. त्याच्या पलीकडच्याने टोपी काढली. कुणीतरी मागे वळून विचारलं, "स्वयंपाकघरात ख्रिसमस आहे का?"

"पुढे बघा, ओटो," फ्राउ मुंडिंगर दाराच्या फटीतून गरजल्या.

नवं रिव्हॉल्व्हर दोन बार उडेपर्यंत ठीक होतं. तिसऱ्याला फिरता भाग जड झाला. चौथ्याला हेर रॉयटरांनी तो डाव्या हाताने फिरवला, हट्टी बाटलीचं बूच फिरवावं तसा. पाचव्याला घोडाच मागे येईना. इतकं घट्ट, इतकं सुबक यंत्र. केस जाणार नाही अशा फटीत माझ्या आईचा पाक बसला होता. त्यांनी ते नळी पुढे ठेवून फळीवर ठेवलं आणि बोटं एकेक करून पुसली. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की घर गेलं. मांजराला माझ्या स्वयंपाकघरात ऊन कुठे येतं तेही मला दिसलं.

मग त्यांनी जुनं उचललं. तेही माझ्याच बरणीतून भरलेलं. फ्राउ मुंडिंगर दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दिवा लागताच आत शिरायला. आणि त्याच वेळी बाबागाडी थांबलेली आहे हे जाईच्या लक्षात आलं.

तिने भोंगा काढला. आठवडाभर मक्यासमोर आणि नळाखाली जिरवलेलं सगळं एकदम. मी तिला उचललं, झुलवलं, चुटक्या वाजवल्या, काही उपयोग नाही. उघड्या दारातून तो आवाज सरळ रांगेत गेला. नेमबाजांच्या कानांवरची संरक्षणं नव्या पद्धतीची. धमाका गाळतात, बाकीचं आत सोडतात. ओटोने बंदूक खाली ठेवली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

हेर रॉयटर मागे वळले नाहीत. पण त्यांचे खांदे, मघापासून कानांपाशी चढलेले, हळूच खाली आले. धडाम. जाईने वरचा सूर लावला. धडाम. तिने दम घेतला, ते थांबले. तिने पुन्हा सुरू केलं, धडाम. फिरता भाग चिकटत होता, पण जुन्याचा सैलसर होता. कुरकुरत, खरखरत फिरत राहिला. फेरी संपली. तांबडा दिवा लागला.

फ्राउ मुंडिंगर निशाणाचे दोन कागद घेऊन आल्या आणि टेबलावर पसरले. नव्याची भोकं रांगोळीचे ठिपके हातातून सांडावेत तशी. जुन्याची सगळी मध्यावर, एका लाडवाखाली झाकली गेली असती इतकी जवळ.

"रॉयटर," त्या म्हणाल्या, "हे कुणी मारलं?"

हेर रॉयटर आत आले. चेहऱ्यावर काजळी, हातात बरणी. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"फ्राउ टोंबारे. हा रवा."

"चूक झाली," मी म्हणाले. जाई अजून हुंदके देत होती. "हा खायचा आहे. गोड. दूध घालून. दुसरी बरणी घरी राहिली."

त्यांनी करंगळी बरणीत घातली आणि चाटली. पुन्हा घातली. "वेलदोडा," ते म्हणाले. मग कागदांकडे वळले. "पण ही चाचणी नियमात बसत नाही. रवा गोड होता."

"दोन्हींत गोड होता," फ्राउ मुंडिंगर म्हणाल्या. "एकाला पचला, एकाला नाही."

"रव्याने फिरता भाग अडतो. नेम लागत नाही." त्यांनी काजळीचं बोट जाईकडे केलं. "नेम हिने लावला."

मला वाटलं माझी जर्मन कमी पडली. फ्राउ मुंडिंगरांकडे पाहिलं. त्यांचीही पडली होती.

"स्पर्धेत काय होतं?" ते खुर्चीत बसत म्हणाले. "कुणी खोकतं, कुणी खुर्ची ओढतं. माझं मन तिकडे पळतं. म्हणून घरी सराव करतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, घोड्याखाली कातड्याचा तुकडा ठेवून. माझी बायको होती तेव्हा ती तीन वाजता मुद्दाम भांडी आपटायची. मी नेम धरायचो, ती आपटायची. मग ती गेली. घर इतकं शांत झालं की मला चाप ओढवेना. दोन वर्षं मी काही जिंकलो नाही."

"तीन वर्षं," फ्राउ मुंडिंगर म्हणाल्या.

"मग तुम्ही आलात. मग ही आली. ही रडायला लागली की मी रिव्हॉल्व्हर काढतो. आणि या आठवड्यात ही एकदम गप्प. बुधवारी मी..."

"बुधवारी त्यांनी ओटोच्या कागदावर मारलं," फ्राउ मुंडिंगरांनी वाक्य पुरं केलं.

"म्हणजे ती टकटक," मी म्हणाले. "आम्हाला वाटलं तुम्ही ठोकता. आम्ही गप्प बसावं म्हणून."

हेर रॉयटरांचा काजळीखालचा चेहरा लाल झाला. "मी?" ते म्हणाले. "एका बाळाला?" बराच वेळ त्यांनी हातातला रुमाल उलगडला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग जुनं रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं. "निर्णय झाला. हे राहील. ते धुऊन एगलेला परत."

मी वाट बघत राहिले. ते पेटीला कुलूप लावत होते.

"आणि घर?"

"उद्या. एका वेळी एकच."

"रॉयटर," फ्राउ मुंडिंगर म्हणाल्या, "पोरीच्या तोंडाकडे बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जाईकडे. तिने त्यांच्या हिरव्या टोपीची कड तोंडात घातली होती.

"हा वेगळा निर्णय नाही," ते सावकाश म्हणाले, स्वतःलाच पटवत. "रिव्हॉल्व्हर ठेवायचं तर सरावही ठेवायला हवा. सरावासाठी ही हवी. ही खालीच राहते. म्हणजे हा त्याच निर्णयाचा भाग झाला." त्यांनी मान वर केली. "राहा तुम्ही. फक्त तीन ते साडेतीन तिला गप्प करायची घाई करू नका."

"ती वेळ पाळेल असं सांगता येत नाही."

"मी आहेच घरात," ते म्हणाले.

फ्राउ मुंडिंगरांनी क्लबाच्या स्वयंपाकघरात दूध तापवलं. बरणीत उरलेल्याचा शिरा झाला. ओटोने दोनदा घेतला. नवं रिव्हॉल्व्हर शेजारच्या मोरीत साबणाच्या गरम पाण्यात पडलं होतं. एगलेचा नंतर फोन आला म्हणे, की बाकी ठीक आहे, पण ते हातात घेतलं की भूक लागते.

त्या संध्याकाळी सारंगचा फोन आला. आवाज घाबरलेला. "आईंचा फोन होता. तू बरी आहेस ना? आणि घराचं काय झालं?"

"घर मिळालं," मी म्हणाले. "जाईला नोकरी लागली."

छतात टकटक सुरू झाली होती. आतल्या खोलीत जाई रडत होती. मी पंधरा मिनिटं चहा पीत बसले.

त्यानंतरच्या वर्षी हेर रॉयटर जिल्ह्यात पहिले आले, पुढच्या वर्षी दुसरे. जाई चालायला लागली, पडून रडली, दात आले तेव्हा रडली, भोपळा खायला घातला तेव्हा रडली. मग ती बोलायला शिकली आणि रडायची कारणं एकेक कमी होत गेली. आता ती सात वर्षांची आहे. तिच्या पाठचा निमिष निजायच्या बाबतीत शहाणा निघाला, रडतच नाही. हे मी इतरांना कौतुकाने सांगते, पण वरती कधी सांगितलं नाही. वसंतात हेर रॉयटर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेले. वरचा मजला बंद आहे. जुनं रिव्हॉल्व्हर फ्राउ मुंडिंगरांकडे आहे. त्या म्हणतात, त्याची मूठ दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची आहे.

गेल्या रविवारी आम्ही हेर रॉयटरांना शिरा घेऊन गेलो होतो. चमचा त्यांच्या हातात थरथरत होता, वाटीच्या काठावर वाजत होता. जाई एकटक बघत होती. घरी आल्यावर तिने विचारलं की आजोबांना शिराच का नेतो आपण. म्हणून मी तिला हे सगळं सांगितलं. ती बंदुकीच्या वासाला हसली, ओटोला हसली, तिच्या आजीच्या फोनला तर लोळून हसली. मग उठून बसली.

"मी रडायचं कधी थांबवलं?"

"बालवाडीत जायला लागलीस तेव्हा, बहुतेक."

"आणि त्यांचा हात कधी हलायला लागला?"

"साधारण तेव्हाच."

ती छताकडे बघत राहिली. वर काहीच वाजत नव्हतं.

"मग मी तिकडे जाऊन थोडं रडले," जाई म्हणाली, "तर थांबेल का?"